रोजच्या ये-जाला दमदार डिझेल गाडी परवडते का? पोलो जीटी टीडीआयच्या ॲव्हरेजचा सरळ हिशेब

मंचर : खेड, आंबेगाव, जुन्नर या तिन्ही तालुक्यांतून रोज हजारो माणसं चाकणच्या एमआयडीसीत कामाला जातात. काही कंपनीच्या बसने जातात, काही दुचाकीवर, तर काहींनी हप्त्यावर चारचाकी घेतली आहे. गेल्या काही वर्षांत गावातल्या पोरांच्या तोंडी एक जुनी गाडी सारखी येते. ती म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय. दिसायला देखणी, पिकअप जबरदस्त, आणि वर डिझेल. सेकंडहँड बाजारात विकणारा छातीठोकपणे सांगतो, "दादा, पळते पण आणि वीसचं ॲव्हरेज पण देते."

आता प्रश्न असा की हे वीस खरंच पडतं का? आणि पडलं तर कुणाला पडतं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. वीस पडतं, पण ते गाडीत नसतं. ते रस्त्यात आणि चालवणाऱ्याच्या पायात असतं. तीच गाडी एकाला २१ देते आणि त्याच्या चुलतभावाला १३. म्हणून गाडी घेण्याआधी गाडीपेक्षा आपला रोजचा रस्ता नीट बघायला पाहिजे. कसा, ते सविस्तर बघू.

गाडी नेमकी काय आहे?

पोलो ही आपल्याच मातीत तयार झालेली गाडी. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० पासून पोलो बाजारात आली. जीटी टीडीआय हे तिचं दमदार डिझेल मॉडेल २०१३ मध्ये आलं. सुरुवातीला तिला १.६ लिटरचं इंजिन होतं, २०१४ नंतर १.५ लिटरचं आलं. ताकद आधी १०५ हॉर्सपॉवर होती, नंतर ११० झाली. टॉर्क म्हणजे ओढ, ती २५० न्यूटन मीटर. एवढ्या लहान गाडीला एवढी ओढ म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टर जुंपल्यासारखंच. गिअर पाच, टाकी ४५ लिटरची.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाला. त्यासाठी हे डिझेल इंजिन बदलण्याऐवजी कंपनीने डिझेल पोलोच बंद केली. पेट्रोल पोलोही २०२२ मध्ये थांबली. म्हणजे आज जी जीटी टीडीआय मिळेल ती जुनीच असणार. ही गोष्ट पुढच्या हिशेबात महत्त्वाची आहे.

कागदावरचा आकडा येतो कुठून?

कोणत्याही गाडीच्या जाहिरातीत जो ॲव्हरेजचा आकडा असतो, त्याला आपण एआरएआयचा आकडा म्हणतो. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. जीटी टीडीआयचा हा आकडा वीसच्या आसपास आहे.

पण ही चाचणी पुणे-नाशिक हायवेवर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत मोठ्या रोलरवर उभी करतात. चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागेवरच राहते. एक ठरलेला आराखडा असतो. इतके सेकंद थांबायचं, इतक्या वेगापर्यंत हळू जायचं, परत थांबायचं. सगळी चाचणी साधारण २० मिनिटांची आणि सुमारे साडेदहा किलोमीटरची. जास्तीत जास्त वेग ९०, तोही थोडाच वेळ. सरासरी काढली तर ताशी ३२-३३ किलोमीटरच्या आसपास येते. एसी बंद. वेग वाढवायचा तो पण इतका हळू की आपल्याकडे कुणी तसं चालवलं तर मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव घेईल.

मग हा आकडा खोटा आहे का? नाही. सगळ्या गाड्यांची चाचणी एकाच मापाने होते, त्यामुळे या गाडीची त्या गाडीशी तुलना करायला तो उपयोगी पडतो. पण आपल्या खिशाचा हिशेब त्यावर मांडायचा नाही. साधा ठोकताळा सांगायचा तर कागदावरच्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करा. वीसचे सोळा. हिशेब सोळाने धरा, त्याच्या वर जे पडेल तो फायदा.

प्रयोगशाळा आणि रस्ता यातला फरक किती मोठा असू शकतो, हे याच कंपनीच्या डिझेल इंजिनांनी जगाला दाखवलं होतं. चाचणीत धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, असं सॉफ्टवेअर इंजिनात असल्याचं २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं. त्यानंतर भारतातही कंपनीने तीन लाखांहून जास्त डिझेल गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तो प्रश्न धुराचा होता, ॲव्हरेजचा नव्हता. पण धडा तोच आहे की रोलरवरची गाडी वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी.

डिझेल कमी का लागतं?

याची कारणं शेतकऱ्याला समजायला अवघड नाहीत. एक तर एक लिटर डिझेलमध्येच पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १२ टक्के जास्त ऊर्जा असते. दुसरं, डिझेल इंजिन हवा खूप दाबतं, त्या दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. जेवढा दाब जास्त तेवढी एका थेंबातून जास्त ताकद निघते. तिसरं, गाडी निवांत चाललेली असते तेव्हा पेट्रोल इंजिनाला अर्धवट बंद झडपेतून हवा ओढावी लागते. त्यात ताकद वाया जाते. डिझेलला तो अडथळा जवळपास नसतो.

मग ह्या गाडीत 'स्पोर्टी' काय? तर टर्बो. धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त टाकता येतं, म्हणून ताकद जास्त. इथेच खरी मेख आहे. जादा ताकद फुकट येत नाही, ती जादा डिझेलातूनच येते. ताकद मागितली नाही तर डिझेल जात नाही. म्हणजे दमदार गाडी आपोआप जास्त पित नाही, आपण तिला पाजतो.

या गाडीची पूर्ण ओढ साधारण १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान मिळते. सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर मात्र ४४०० आरपीएमला. म्हणजे रोजचं काम २५०० च्या आत छान होतं. त्याच्या वर जे काही आहे ती हौस.

रस्ता तसं ॲव्हरेज

आपल्या भागातली तीन उदाहरणं घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत, पण सांभाळून ठेवलेल्या आणि वेळेवर सर्व्हिसिंग झालेल्या गाडीला साधारण असेच पडतात.

• मोकळा हायवे : सुट्टीच्या दिवशी पहाटे नारायणगावहून नाशिककडे निघालात, वेग ७० ते ८० ठेवला, गाडीत दोघं. अशा वेळी २० ते २२ पडायला हरकत नाही.

• हायवे आणि जाम मिळून : मंचरहून चाकण, एका बाजूने साधारण ३० किलोमीटर. राजगुरुनगरपर्यंत बरं, पुढे चाकणच्या चौकात गाड्यांची रांग. इथे १६ ते १८.

• वाडी ते तालुका : सहा-सात किलोमीटरचा अरुंद रस्ता, दर फर्लांगाला स्पीडब्रेकर, मध्येच उसाची ट्रॉली, मध्येच शेळ्या. इथे १३ ते १५. थंडीत आणि जड पायाने चालवली तर त्याहून कमी.

तिसऱ्या रस्त्यावर एवढं कमी का पडतं, हे अनेकांना कळत नाही. कारण असं की डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ घेतं. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, जळण नीट होत नाही, म्हणून गाडी जादा डिझेल घेते. सहा किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम तापतं आणि आपण गाडी बंद करतो. संध्याकाळी परत थंड इंजिनावर सुरुवात. म्हणजे गाडीची सगळी जिंदगी थंडीतच जाते. त्यात स्पीडब्रेकर. प्रत्येक स्पीडब्रेकरला ब्रेक मारून आपण आधी जाळलेलं डिझेल उष्णता करून उडवतो आणि मग परत नव्याने जाळतो.

वेगाचा हिशेब

गाडी जेवढी पळवाल तेवढी हवा तिला अडवते. आणि हा अडथळा वेगाच्या पटीत वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ८० वरून १०० केला म्हणजे वेग सव्वापट झाला, पण हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त झाला. त्यामुळेच ८० ला २१ देणारी गाडी १०० ला १८ वर येते आणि १२० ला पंधरा-सोळावर. शिवाय १२० हा आपल्या रस्त्यावरचा वेगच नाही.

बरं, वेळ तरी किती वाचतो? मंचर ते चाकण ३० किलोमीटर सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरा. ८० ने गेलात तर साडेबावीस मिनिटं. १०० ने गेलात तर १८ मिनिटं. वाचली साडेचार मिनिटं. आणि पुढे चाकणला ज्याला ओव्हरटेक करून आलात तोच एसटीवाला तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो. मग डिझेल जाळून मिळवलं काय?

गिअर आणि पाय

ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला हे सांगायला नको. कोणतं औजार कोणत्या गिअरमध्ये आणि किती रेसवर ओढायचं हे तो बरोबर जाणतो. हलकं काम असेल तर वरचा गिअर टाकून रेस कमी ठेवतो, कारण उगाच रेस केली की तासाचं डिझेल वाढतं. तोच माणूस कारमध्ये बसला की मात्र हे विसरतो आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गर्जवत नेतो.

जीटी टीडीआयला १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान गिअर वर टाकत गेलं तरी गाडी अजिबात मागे पडत नाही, एवढी ओढ तिच्यात आहे. पाचव्या गिअरमध्ये ८० ला इंजिन दोन हजारांच्या आतच फिरतं. पण उलटंही करू नका. ११००-१२०० आरपीएमवर पाचव्या गिअरमध्ये गाडी धडधडत असताना एक्सलेटर दाबला तर ॲव्हरेज वाढत नाही, इंजिनावर आणि क्लचवर मात्र ताण येतो. धडधड जाणवली की एक गिअर खाली घ्या.

आणखी एक गैरसमज घाटातला. उतार लागला की अनेकजण गाडी न्यूट्रल करतात, डिझेल वाचतं म्हणून. आताच्या इंजिनात उलटं घडतं. गाडी गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलने डिझेल वाचत नाही, वर इंजिनाचा ब्रेकही जातो आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. माळशेज घाटात असं करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

चाकणचा जाम किती डिझेल पितो?

गाडी नुसती उभी असली तरी एवढं इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल जाळतं. एसी चालू असेल तर आणखी. समजा सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास तुम्ही रांगेत उभे आहात. अर्ध्या लिटरने धरलं तरी महिन्याच्या २६ दिवसांत १३ लिटर. डिझेल ९० रुपये धरा, ११७० रुपये एकही किलोमीटर न जाता गेले. दोन-तीन मिनिटं रांग हलणार नाही असं दिसत असेल तर गाडी बंद करा. शिफ्ट बदलायच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी घरून निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

एक काळजी मात्र घ्या. जोरात पळवून आल्यावर लगेच चावी फिरवून टर्बो गाडी बंद करू नका. अर्धा-एक मिनिट सावकाश चालू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

आपलं ॲव्हरेज आपण काढा

मीटरवर जो ॲव्हरेजचा आकडा दिसतो तो बऱ्याच गाड्यांत थोडा चढाच असतो. आणि "पाचशेचं टाकलं, एवढे किलोमीटर गेलो" हा हिशेब तर धरूच नका. खरी पद्धत टाकी फुल ते टाकी फुल.

१. टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झाला की थांबायचं, वरून हलवून हलवून भरायचं नाही.
२. ट्रिप मीटर शून्य करा.
३. टाकी अर्ध्याच्या खाली येईपर्यंत रोजच्यासारखी गाडी चालवा.
४. त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत भरा.
५. ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर.

हे एकदा करून भागत नाही, निदान तीनदा करा. उदाहरण बघा. पहिल्यांदा ४८६ किलोमीटरला २७.४ लिटर, दुसऱ्यांदा ५१२ ला २७.९, तिसऱ्यांदा ४५५ ला २७.६. एकूण १४५३ किलोमीटर आणि ८२.९ लिटर. भागाकार केला की १७.५ येतं. हे तुमचं खरं ॲव्हरेज. फक्त दुसरी टाकी बघितली असती तर तुम्ही चावडीवर १८ सांगितलं असतं आणि फक्त तिसरी बघितली असती तर गॅरेजला पळाला असता.

कुणी मोठे टायर किंवा मोठे अलॉय टाकले असतील तर हा हिशेबही चुकतो. उंच टायर एका फेरीत जास्त अंतर जातो, पण मीटर जुन्याच मापाने मोजतं. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतात, ते वेगळंच.

पैशांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. हिशेबापुरतं डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा दर टाकून हाच हिशेब तुम्ही मोबाईलवर करू शकता.

• रोज ६० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस : म्हणजे १५६० किलोमीटर. जीटी टीडीआयला १८ चं ॲव्हरेज पडलं तर ८६.७ लिटर, ७८०० रुपये. याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीला १६ पडलं तर ९७.५ लिटर, १०,१४० रुपये. महिन्याला २३४० रुपये वाचले, वर्षाला २८ हजार. चांगली बचत.

• तोच रस्ता, पण पाय जड : डिझेलला १८ ऐवजी १४ पडलं. १११.४ लिटर, १०,०२९ रुपये. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला वाचले फक्त १११ रुपये. म्हणजे डिझेल घेऊन मिळवलेलं सगळं एक्सलेटरखाली गेलं.

• रोज १४ किलोमीटर : महिन्याला ३६४ किलोमीटर. दोन्ही गाड्यांना १४ धरलं तर लागणार २६ लिटर. डिझेलचे २३४० रुपये, पेट्रोलचे २७०४. फरक ३६४ रुपये महिना, वर्षाला साडेचार हजारही नाही.

तिसऱ्या उदाहरणातला माणूस डिझेल परवडतं म्हणून ही गाडी घेत असेल तर त्याने थांबावं. जुन्या टर्बो डिझेलचं मेंटेनन्स पेट्रोलपेक्षा महाग असतं. इंजेक्टर, टर्बो, क्लच, हाय प्रेशर पंप यातलं एक काम निघालं की अनेक वर्षांची बचत एका बिलात जाते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन आतून मोडतं. विकणाऱ्याला बेल्ट कधी बदलला ते विचारा आणि बिल मागा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याला आणखी एक मार्ग आहे. १८ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला ५ रुपये पडतात, ६० किलोमीटरचे ३०० रुपये. एकाच शिफ्टचे चौघे मिळून गेले तर माणशी ७५ रुपये. मित्रांनी डिझेल वाटून घेणं वेगळं, पण पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन प्रवासी नेणं कायद्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि ज्याला फक्त पैसेच वाचवायचे आहेत, पिकअपची हौस नाही, त्याने कंपनी फिटेड सीएनजी गाडीचा विचार करावा. फक्त आपल्या रस्त्यावर पंप कुठे आहे आणि रांग किती लागते ते आधी बघावं.

जुनी घेताना एवढं बघा

• सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. थंडपणी एका दमात सुरू झाली पाहिजे.
• जोरात रेस केल्यावर काळा धूर भसाभसा येत असेल तर जळण बरोबर नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.
• गाडी चालवताना १८०० आरपीएमच्या आसपास ओढ जाणवली पाहिजे. ती येतच नसेल तर टर्बो किंवा त्याचे पाइप तपासा.
• सर्व्हिसची जुनी बिलं आणि मीटरचे किलोमीटर जुळतात का बघा. मीटर मागे फिरवणारे कमी नाहीत. सीट, स्टिअरिंग, पेडलचे रबर झिजलेत आणि मीटर ४० हजार दाखवतंय, तर समजून घ्या.
• २०१५ किंवा त्याआधीची गाडी असेल तर सॉफ्टवेअर दुरुस्ती झाली का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचारा.
• आरसीवर बँकेचा बोजा, विमा, पीयूसी आणि थकलेली चलनं ऑनलाइन तपासा. मगच पैसे द्या.
• गाडी 'रिमॅप' केली आहे का हे स्पष्ट विचारा. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बदल करून ताकद वाढवली आहे का. अशा गाडीचा क्लच आणि टर्बो लवकर जातो. शिवाय परवानगीशिवाय गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

"दहा वर्षं झाली की डिझेल गाडी भंगारात" असा मेसेज व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतो. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागासाठी आहे. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून आणि कर भरून ती पुढे वाढवता येते. तरीही २०१३ ची गाडी आज घेतली तर १५ वर्षं २०२८ मध्ये भरतात. किंमत ठरवताना हे बोलून घ्या.

नवी डिझेल घेणार असाल तर

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी धरणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल जाळून ती साफ करते. त्यासाठी इंजिन गरम आणि गाडी काही वेळ सलग चालती लागते. रोज फक्त पाच-सहा किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ही सफाई पूर्णच होत नाही. मग दिवा लागतो, ताकद कमी होते आणि सर्व्हिस सेंटरची वारी सुरू होते. त्यामुळे नवीन डिझेलचाही नियम तोच आहे, लांबचा आणि सलग रस्ता असेल तरच घ्यावी. जवळच्या कामाला डिझेल घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिला हायवेवर वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा.

फुकटात वाढणारं ॲव्हरेज

हवा महिन्यातून दोनदा बघा. किती भरायची तो आकडा दाराच्या चौकटीवर किंवा डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. एअर फिल्टर वेळेवर बदला, आपल्या कच्च्या रस्त्याच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो. डिकीत पडून राहिलेलं सामान काढा. युरियाच्या दोन गोण्या म्हणजे ९० किलो, दीड माणसाचं वजन रोज फुकट फिरवायचं कशाला? पुढचा स्पीडब्रेकर दिसला की ब्रेकवर जाण्याआधी एक्सलेटर सोडा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

शेवटी गाडी बघायला जाण्याआधी तीन प्रश्न एका कागदावर लिहा. मी रोज किती किलोमीटर जातो? त्यातले सलग किती आणि जामचे किती? आणि वर्षातून एकदा वीस-पंचवीस हजारांचं काम निघालं तर हप्ता चालू असताना मला ते झेपेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ५० च्या वर असेल, रस्ता बहुतेक मोकळा असेल आणि तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर जीटी टीडीआय हौस पण भागवेल आणि डिझेल पण वाचवेल. तिन्हीतलं एकही बसत नसेल तर विकणारा वीस सांगू दे नाहीतर पंचवीस, आपण चहा पिऊन परत यायचं.